पाखरांची साक्ष कोणाच्या बाजूने?

एक मुद्दा आपल्या कार्यकर्त्यांना वारंवार ऐकून घ्यावा लागतो. चिखलीच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीपासून मेहकर, देऊळगावराजाच्या लग्नमांडवापर्यंत कुठेही तो ऐकू येतो. शिकलेसवरलेले लोकही तो मोठ्या शहाणपणाचा आव आणून मांडतात. आंतरजातीय लग्नाचा विषय निघाला की कोणीतरी बोट वर करून तारेवरचं पाखरू दाखवतो. "पाहा, चिमणी चिमण्यासंगच घरटं करते. कावळा कधी चिमणीच्या मांगं लागते काय? मुक्या जिवाले समजते, मंग माणसाले कायले समजत नाही?" आजूबाजूचे माना डोलावतात. आपला पोरगा एक तर संतापतो, नाहीतर गप्प बसतो.

संताप खरा आहे. पण संताप म्हणजे उत्तर नव्हे. त्यांनी पाखरांना साक्षीदार म्हणून उभं केलंय ना? मग आपण त्या साक्षीदाराची उलटतपासणी करू. आपण एका बॅरिस्टराची लेकरं आहोत. साक्षीदाराला भिण्याचं कारण नाही.

पहिली लबाडी शब्दातच आहे. आपल्या मराठीत आंब्याची जात, कापसाची जात, कुत्र्याची जात आणि माणसाची जात, सगळ्याला शब्द एकच. बोलणारा चिमणीच्या जातीवरून उडी मारतो आणि थेट माणसाच्या जातीवर येऊन बसतो. मधला पूल कुठे आहे हे कोणीच विचारत नाही. चिमणी आणि कावळा हे वेगवेगळे प्राणी आहेत. मराठा, माळी, बौद्ध, मातंग, ब्राह्मण हे वेगवेगळे प्राणी आहेत काय?

हा प्रश्न आजचा नाही. भगवान बुद्धांपुढे तो अडीच हजार वर्षांपूर्वी आला होता. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागला, की माणूस ब्राह्मण कशाने होतो, जन्माने की कर्माने? वाद मिटेना म्हणून दोघे बुद्धांकडे गेले. बुद्धांनी त्यांना थेट उत्तर देण्याआधी निसर्ग दाखवला. गवत, झाडं, किडे, मुंग्या, चार पायांची जनावरं, सरपटणारे साप, पाण्यातले मासे, पंखांची पाखरं, एकेक घेतलं आणि सांगितलं, की यांच्यात जन्माने आलेल्या वेगवेगळ्या खुणा दिसतात. मग ते माणसाकडे वळले. केस, कान, डोळे, तोंड, हात, पाय, एवढंच काय तर संभोगाची रीत, सगळं तपासलं. माणसा-माणसात जातीची अशी एकही जन्मखूण नाही, असा निकाल दिला. माणसातला फरक नावापुरता आहे, धंद्यापुरता आहे. म्हणजे बघा, चिमणी-कावळ्याचा जो पुरावा आज टपरीवर आपल्या विरोधात मांडला जातो, तोच पुरावा बुद्धांनी जातीच्या विरोधात मांडून ठेवलाय. आपल्याच घरातलं हत्यार आपल्याला माहीत नसतं, ही आपली शोकांतिका.

आजचं जीवशास्त्रही याच वाटेने जातं. त्याची साधारण कसोटी सोपी आहे. जे नर-मादी आपसात जुगतात आणि ज्यांची पिल्लं पुढे पिल्लं घालू शकतात, ते एका जातीचे प्राणी. घोडी आणि गाढव यांचं खेचर होतं, पण खेचराचा वंश पुढे चालत नाही. म्हणून घोडा वेगळा, गाढव वेगळा. आता दोन जातींच्या माणसांचं लेकरू घ्या. ते कुठल्या खेचरासारखं वांझ निघालंय? ज्या मनुस्मृतीचं दहन बाबासाहेबांच्या साक्षीने २५ डिसेंबर १९२७ ला महाडला झालं, तिचाच दहावा अध्याय बघा. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांचं मूल म्हणजे चांडाळ, असं लिहून ठेवलंय. वर्णसंकराची लांबलचक यादीच दिलीय. अरे, कावळा-चिमणीच्या संकराची यादी कोणी लिहितो काय? जे घडतच नाही त्याची यादी कशाला लागेल? संकराला भिणाऱ्या ग्रंथानेच कबुली दिलीय, की ही सगळी माणसं एकाच जातीची आहेत आणि त्यांचं आपसात जमतं. जमतं म्हणूनच तर त्याची एवढी भीती.

इथून दुसरा मुद्दा निघतो. निसर्गाने घातलेल्या कुंपणाला राखणदार लागत नाही.

आपल्या शेजारच्या अकोला-वाशीमच्या माळावर पावसाळ्यात तणमोर येतो. नर काळा-पांढरा, डोक्यावर मागे वळलेली पिसं. गवत वाढलं की तो गवतातून उभा वर उडी मारतो, आवाज काढतो आणि खाली पडतो. दिवसातून अशा शेकडो उड्या. कशासाठी? गवतात दडलेल्या लांडोरीसारख्या मळकट मादीला 'मी इथे आहे' हे कळावं म्हणून. ती त्याची खूण ओळखते. वाटलं तर येते, नाही वाटलं तर येत नाही. प्रत्येक पाखराचा नाच वेगळा, हाक वेगळी, रंग वेगळा. परक्या पाखराच्या हाकेला सहसा कोणी ओ देत नाही. तिथे जातपंचायत बसत नाही, दंड होत नाही, वाळीत टाकणं होत नाही. निसर्गातली ओळख आपोआप चालते.

आणि हा तणमोर कोणाला ठाऊक आहे? त्या माळावरच्या फासेपारध्यांना. गेल्या काही वर्षांत त्याची घरटी शोधून जपण्याच्या कामात त्याच समाजातली माणसं आहेत. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो ठिकठिकाणी लागू होत गेला आणि पारध्यांसारख्या जमातींवर जन्मावरून चोर असल्याचा शिक्का बसला. जनावराची पैदास ओळखावी तशी माणसाची पैदास ओळखली गेली. माणसाला पाखराच्या मापाने मोजलं की काय होतं, ते पारध्याच्या पिढ्यांना विचारा.

आता माणसाच्या कुंपणाकडे या. १ जानेवारी २०१३ ला नगर जिल्ह्यात सोनईला मेहतर समाजातल्या तीन तरुणांना मारून टाकलं. कारण एका सवर्ण मुलीशी जुळलेलं प्रेम. २८ एप्रिल २०१४ ला त्याच जिल्ह्यात खर्ड्याला आपल्या समाजातल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला लटकवलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढंच निमित्त. २०१७ साली त्या खटल्यातले आरोपी सत्र न्यायालयातून सुटले. जातपंचायतींचा जाच इतका, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. मी त्या टपरीवरच्या शहाण्याला एवढंच विचारतो: बापा, चिमणीला कावळ्यापासून दूर ठेवायला कोणी कुऱ्हाड घेऊन उभं राहतं काय? तुझी जात निसर्गाने केली असेल तर तिला एवढी राखण कशाला लागते? ज्याला राखण लागते ते निसर्गाचं नसतं, मालकाचं असतं.

बाबासाहेबांनी हे पंचविशीत ओळखलं होतं. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्याचा गाभा काय? जात म्हणजे बंद केलेला वर्ग, आणि तो बंद करण्याचं साधन म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. आपल्या समाजाची मूळ रीत तर गोताबाहेर लग्न करण्याची. तिच्यावर हे जातीतल्या लग्नाचं बंधन वरून बसवलं गेलं. मग अडचण आली. नवरा मेला तर बाई उरते, बायको मेली तर बाप्या उरतो. उरलेली बाई कुंपणाबाहेर जाईल ही भीती. म्हणून तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. उरलेल्या बाप्यासाठी अजून वयात न आलेली पोरगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, तिन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकाच खुंट्याला बांधून दाखवल्या. बाईच्या लग्नावर पहारा बसवल्याशिवाय जात एक दिवस टिकत नाही.

आणि आता रक्ताची साक्षही आलीय. २०१३ साली हैदराबादच्या पेशी व रेणूजीवशास्त्र केंद्रातले आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ यांनी मिळून भारतातल्या अनेक समाजांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक मोठ्या प्रमाणावर आपसात मिसळत होते, असं त्यांना दिसलं. त्यानंतर ही मिसळ थांबत गेली. म्हणजे दार आधी उघडं होतं. ते नंतर कोणीतरी लावलं. २०११-१२ च्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय लग्नं शंभरात पाचच्या आसपास निघाली. दार किती घट्ट लावलंय ते यावरून समजून घ्या.

उलट जंगलातलं जनावर काय करतं? आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला, २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर घर सोडून निघाला. विदर्भ, मराठवाडा, तेलंगणाची शेतं, नाले, रस्ते तुडवत, पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाणा-खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. आपल्या हद्दीसाठी, खाद्यासाठी आणि जोडीदारासाठी. नर वाघ वयात आला की आईचं रान सोडतो. जवळच्या रक्तात जुगणं त्यामुळे टळतं, असं अभ्यासक सांगतात. ज्ञानगंगेत त्याला मादी मिळाली नाही. मग तिथे एखादी वाघीण आणून सोडावी काय, याची साहेबलोकांत चर्चा झाली. जंगल त्या मानाने लहान, म्हणून शंकाही निघाल्या. वाघ मात्र थांबला नाही, पुढे निघून गेला. टपरीवरचा शहाणा चिमणीचं नाव घेतो, वाघाचं घेत नाही. कारण वाघ सांगतो, घर सोड, गोत सोड, दूर जा.

आता तिसरी गोष्ट. पाखरांकडे पाहणाऱ्यांनी पाखरं पाहिलीच नाहीत, स्वतःचं घर पाहिलं.

विहिरीवरच्या बाभळीला लटकणारे खोपे आपण लहानपणापासून बघतो. त्या पाखराला आपण नाव दिलं सुगरण. बाईचं नाव. कष्ट करून घर उभं करते ती बाईच असणार, हे आपण धरूनच चाललो. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. सालीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला बसून महिनोन्महिने हे पाखरू पाहिलं आणि पुढच्या वर्षी ते लिहून प्रसिद्ध केलं. पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या, पात्यांच्या चिरफळ्या आणून अर्धा खोपा विणतो. मग माद्या येतात. आत शिरतात, ओढून बघतात, पारखतात. पसंत पडला तर मादी राहते आणि नर खोपा पुरा करतो. नाही पडला तर ती शेजारच्या खोप्यावर जाते. नापसंत पडलेले अर्धे खोपे तसेच वाऱ्यावर झुलत राहतात. त्यासाठी कोणी मादीला बोल लावत नाही.

मोराचंही तसंच. तो पिसारा फुलवतो आणि लांडोर निवड करते. पण २०१७ साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवृत्तीच्या दिवशी पत्रकारांना काय सांगावं? मोर ब्रह्मचारी असतो, त्याचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते! डोळ्यांपुढे नाचणारा मोर दिसत नाही, सोवळं तेवढं दिसतं. तिकडे विलायतेतही फार वेगळं नव्हतं. १८७१ साली डार्विनने मांडलं, की कित्येक प्राण्यांत निवड मादी करते. मादीला पसंती असते ही गोष्ट तिथल्या मोठमोठ्या पंडितांच्या घशाखाली उतरेना. शंभर वर्षं हा विचार अडगळीत पडला. १९७० नंतर कुठे तो मानाने अभ्यासला जाऊ लागला. बाईला 'नाही' म्हणता येतं हे मान्य करायला पुरुषाच्या शास्त्रालाही एक शतक लागलं.

इथे आपले काही तरुण खुश होतील. म्हणतील, झालं, निसर्ग आपल्या बाजूने! थांबा. हीच आपली परीक्षेची जागा आहे.

सुगरणीचा तो नर एका मादीचं घर पुरं झालं की लगेच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी बघतो. अंडी उबवणं मादीच्या गळ्यात. हे घेणार काय आपण? आपल्या तळ्यांत कमळाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी आहे. त्याची मादी अनेक नर करते आणि अंडी नर उबवतो. गोंदियाकडे सारस आहेत, त्यांची जोडी वर्षानुवर्षं एकत्र राहते. काळवीट आपली जागा राखून इतर नरांशी झुंजतो. आणि आपल्या चिंचेवर, छपरावर उड्या मारणारी वानरं? १९६० नंतरच्या वर्षांत धारवाडजवळ सुगियामा नावाच्या जपानी अभ्यासकाने आणि पुढे अबूच्या डोंगरावर सारा हर्डी या अमेरिकन बाईने त्यांना पाहिलं. टोळीवर नवा नर आला की तो कित्येकदा आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारून टाकतो. निसर्गातच आहे हे! मग काय, विधवेशी लग्न करणाऱ्याने तिची लेकरं मारावीत?

म्हणून सांगतो, पाखरांना साक्षीला बोलावणं दोन्ही बाजूंनी बंद करू. निसर्गाच्या पोतडीत सगळंच आहे. ज्याला जे पाहिजे ते तो काढून दाखवील. 'असं असतं' यावरून 'असं असावं' हे निघत नाही. वानराला न्याय-अन्याय नाही, म्हणून वानर गुन्हेगार नाही. आपल्याला तो आहे, म्हणून आपली सुटका नाही. निसर्गाची साक्ष फक्त एका मुद्द्यापुरती चालेल: माणूस एक आहे, जात ही त्याची जन्मखूण नाही. एवढी साक्ष घ्यायची आणि साक्षीदाराला सोडून द्यायचं. लग्न कसं असावं हा निकाल आपण द्यायचाय. समता, स्वातंत्र्य, बंधुता यांच्या कसोटीवर द्यायचाय.

आणि तो निकाल आधी आपल्या घरावर लागू होतो. हे कडू आहे, पण बोललं पाहिजे.

आपल्या वस्तीत पोरगी पाहायला जातात तेव्हा काय होतं? पोरीला पोह्याची बशी घेऊन बाहेर आणतात. चालायला लावतात, शिक्षण विचारतात, रंग बघतात. पोराला पसंती विचारतात. पोरीला कोणी विचारतं काय? विचारलंच तर सगळं ठरल्यावर, आणि तिने मान हलवावी एवढ्यापुरतंच. धम्म घेऊन इतकी वर्षं झाली, तरी बैठकीत हळूच विचारणा होते, "पाहुणे आपल्यातलेच ना? कोणत्या पोटजातीचे?" लग्न बौद्ध पद्धतीने लागतं, वंदना होते, आणि दारामागे हुंड्याचा आकडा ठरतो. मंचावर आपण आंतरजातीय लग्नाच्या टाळ्या घेतो. आपल्या पोराने वरच्या जातीची पोरगी केली की छाती फुगवतो. पण आपल्या बहिणीने मातंगाचा, चर्मकाराचा, पारध्याचा पोरगा पसंत केला तर? तेव्हा आपल्या तोंडून जो शब्द निघतो, तो त्या टपरीवरच्या शहाण्याचाच शब्द असतो. कुऱ्हाड हातात नसेल. पहारा तोच असतो.

२० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिला परिषदेत बाबासाहेब आपल्या आयाबायांशी बोलले. पोरींच्या लग्नाची घाई करू नका, बायकोने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून राहावं, दासी होऊ नये, असं त्यांनी सांगितलं. त्या परिषदेला हजारो बाया होत्या. त्यांच्या नाती-पणती आज चिखलीच्या कॉलेजात शिकतायत. त्यांना 'नाही' म्हणता येतं काय, हा आपल्या चळवळीचा हिशेब आहे. आणि 'नाही' म्हणता येत नसेल तर तिच्या 'हो'ला काडीचीही किंमत नाही. ते 'हो' तिचं नसतं, घराचं असतं.

तेव्हा दोस्तहो, यापुढे कोणी तारेवरची चिमणी दाखवली तर संतापू नका. वासेट्ठ सुत्त सांगा. राखणदाराचा प्रश्न विचारा. त्याला उत्तर देता येणार नाही. पण चहा संपवून घरी गेलात, की घरात लग्नाची झालेली बहीण असेल, पुतणी असेल, तिलाही एक प्रश्न विचारा: तुला काय वाटते? विचारून गप्प बसा. ती जे बोलेल ते, मनाविरुद्ध असलं तरी, शेवटपर्यंत ऐका. पहिल्यांदा ती काही बोलणार नाही कदाचित. इतक्या पिढ्या तिला कोणी विचारलंच नव्हतं. पुन्हा विचारा.

जयभीम.